अण्णा वकिलांचा कोट

"हा कोट विकायचा आहे का?" शेवडे सरांनी विचारलं.

"इकायचा न्हाई," माझे मालक म्हणाले. "त्यो माजा हाय. बाजार उठला की साखरपुड्याला जायाचं हाय ओगलेवाडीला, म्हणून आणलाय."

कऱ्हाडचा गुरुवारचा बाजार होता. बाजाराच्या शेवटाला, लिंबाच्या झाडाखाली आम्ही दोघं नवराबायको जुन्या कपड्यांचा ढीग मांडून बसायचो. मी पेठेतून स्टीलची भांडी देऊन जुने कपडे आणायची. मालक ते धुवायचे, उसवलेलं शिवायचे, इस्त्री करायचे आणि बाजारात विकायचे. तो काळा लांब कोट त्या दिवशी त्यांच्या मागे झाडाच्या खिळ्याला टांगलेला होता. बंद गळ्याचा, गुडघ्यापर्यंतचा, आत रेशमी अस्तर. तसले कोट शिवणारे शिंपी आता राहिले नाहीत.

शेवडे सर शाळेतून निवृत्त झालेले. नाटकं बसवायचे. पाडव्याच्या शोभायात्रेचं काम त्यांच्याकडे होतं. त्या वर्षी असं ठरलं होतं, की यात्रेत सगळ्यांनी आजा-आजीच्या काळातले कपडे घालून चालायचं. ज्यांच्या घरी जुनं काही उरलं नव्हतं ती माणसं आठवडाभर आमच्या ढिगात हात घालत होती. आधी आमच्याच हातात टाकलेलं आता आमच्याकडूनच शोधून नेत होती.

"जरा घालून दाखवता?" सर म्हणाले.

मालकांनी बंडीवरच कोट चढवला. सगळी बटणं लावली. उंच माणूस, ताठ पाठ, पांढऱ्या मिश्या. सरांनी पिशवीतून लाल पगडी काढली आणि मालकांच्या डोक्यावर ठेवली. मग चार पावलं मागे गेले आणि बघतच राहिले.

"अहो, काय दिसताय! मला एक वकील हवाच होता. खारवटकर होणार होते, त्यांचा पाय प्लास्टरमध्ये. तुम्हीच चला."

"आमी? पेठंतनं? तुमच्यासंगं?" मालक हसायला लागले.

"आपण दोघंही चला. वकीलसाहेब आणि बाईसाहेब. नऊवारी आहे ना यांच्याकडे?"

आम्हाला 'आपण' म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मालकांनीही पाहिला नव्हता. त्यांनी पगडी दोन्ही हातांनी नीट बसवली, आणि मग त्यांचा चेहरा एकदम बदलला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ह्यो इस्लामपूरचाच न्हवं गं?"

"व्हय. इस्लामपूरचा."

त्यांना मी ते दुसऱ्यांदा सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं होतं तीन वर्षांमागे.

माझी सासू याच धंद्यात म्हातारी झाली. लग्नानंतर माझ्या डोक्यावर पहिलं गाठोडं दिलं तेव्हा तिनं मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. ज्या पेठेतला कपडा, तो त्या पेठेत अंगावर घालायचा नाही. ज्याच्या अंगावरून उतरला त्याला तो दुसऱ्याच्या अंगावर बघवत नाही. आणि दुसरी गोष्ट, कुठल्या बाईनं काय दिलं ते तिच्या घरातल्या पुरुषांपुढे कधी बोलायचं नाही. बायका कपडे देतात ते दुपारी, पुरुष कामावर गेल्यावर. एकीचं नाव बाहेर फुटलं की सगळ्या आळीची दारं बंद. मालकांनाही या दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या, त्यांच्या आईनंच सांगितलेल्या. म्हणून ते अंगावर काही घालायच्या आधी विचारायचे, हे कुठलं.

तो कोट इस्लामपूरचा नव्हता. कमानी बोळातला होता, आमच्या कऱ्हाडच्याच पेठेतला.

कमानी बोळात द्वारकावहिनी आळतेकर राहायच्या. त्यांचे यजमान अण्णा वकील जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा श्रीधर बँकेत, सून मृणाल शाळेत शिकवायची. एका दुपारी वहिनींनी मला खुणेनं जिन्याखाली बोलावलं आणि पंच्यात गुंडाळलेला कोट माझ्या पुढ्यात टाकला.

"एक लहान कुकर दे. एका माणसापुरता."

"वहिनी, ह्यो अण्णांचा न्हवं?"

"हो. श्रीधरला कळता कामा नये हं अनसा. बाबांची चिंधीसुद्धा हलू देत नाही तो. पण मला दात नाहीत, मऊ भात लागतो, तो दिवसभर बँकेत असतो, त्याला काय कळतंय? मृणालला सांगेन, कुकर विट्याच्या बहिणीनं पाठवला."

मी कुकर दिला. वहिनींनी झाकण लावून बघितलं, शिट्टी हलवून बघितली. कोटाकडे त्यांनी परत पाहिलंही नाही.

खरं तर तो मी परगावच्या बाजारात विकायचा होता. पण घरी मालकांनी तो सहज अंगात घातला आणि तो त्यांच्याच मापाचा निघाला. आरसा आमच्याकडे वितभर. त्यात ते कधी खांदा बघत होते, कधी गळा. "कुटला गं?" त्यांनी विचारलं. मी इस्लामपूर म्हणाले. त्यानंतर तीन वर्षं ते तो परगावच्या लग्नांत घालायचे. कधी काही झालं नाही.

बाजारात सरांसमोर मला खरं सांगता आलं असतं. पण मग त्यांनी तो तिथेच काढून ठेवला असता आणि सरांना नाही म्हटलं असतं. शिवाय सरांनी सांगितलं होतं की यात्रा मोठ्या रस्त्यानं घाटावर जाणार. मोठा रस्ता काही कमानी बोळात शिरत नाही, असं मी मनाशी ठरवलं.

पाडव्याला सकाळी मी माझ्या आईचं हिरवं इरकली लुगडं नेसले. मालकांनी मिश्यांना तेल लावलं. दत्ताच्या देवळापुढे दोनअडीचशे माणसं जमली होती. कुणी धोतर नेसून वर पट्टा बांधला होता, तरी ते घसरत होतं. कुणाच्या टोपीला डांबराच्या गोळ्यांचा वास. पोरी नाकात नथ आणि डोळ्यांवर काळा चष्मा लावून फटफटीवर बसल्या होत्या. जो तो एकमेकांना सांगत होता, हे माझ्या पणजीचं, हे आजोबांच्या मुंजीतलं.

आम्ही दोघं आलो आणि लोक आमच्याभोवती गोळा झाले.

"शेवडे सर, हे कुठून पैदा केलेत? पुण्याचे कलाकार का?"

"वकीलसाहेब, आमचा एक खटला पडून आहे वीस वर्षं. घेता का?"

"घेतो की," मालक म्हणाले. "पर खरं बोलावं लागंल."

सगळे मोठ्यांदा हसले. एकानं तर वाकून नमस्कार केला. कॅमेरेवाले पुन्हा पुन्हा उभं करत होते, "साहेब, जरा इकडे. बाईसाहेब, पदर असा." एक तरुण सून माझ्या काष्ट्याकडे निरखून बघत म्हणाली, "काकू, किती चापूनचोपून नेसलाय! मला शिकवाल?"

"ये की बाजारात. लिंबाखाली असतो आमी."

तिला तो विनोद वाटला. तिनं माझ्या हाताला टाळी दिली. पुढे एका ओट्यावरून एका बाईनं खाली येऊन मला हळदकुंकू लावलं. ही बाई दर महिन्याला माझ्याशी पातेल्यावरून अर्धा तास घासाघीस करायची. तिनं मला ओळखलं नाही. डोक्यावर गाठोडं नसलं तर मी कुणाला ओळखू येत नव्हते.

मालकांची चाल बदलली होती. एरवी ते पेठेत रस्त्याच्या कडेनं चालायचे. आज मधून चालत होते. मला म्हणाले, "अनसे, आई बघाया पायजे हुती."

चौकात ढोल थांबले. शेवडे सर पुढून ओरडत आले, "डावीकडे वळा, डावीकडे! कमानी बोळातून जायचंय. आळतेकरांनी सगळ्यांना पन्हं ठेवलंय."

मी मालकांची बाही धरली.

"माघारी फिरूया. माजं डोकं दुखतंय."

"आत्ता? पन्हं पी, जाईल डोकं."

"मालक, ऐका माजं. तिकडं नगं."

"अगं, हितं हाळी देत फिरायचो तवा कुणी पाणी सुदिक इचारलं न्हाई. आज पन्हं देत्यात. चल."

तेव्हाही सांगता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. पण ढोल परत सुरू झाले आणि मी ते कारण मनाशी धरून गप्प चालत राहिले.

आळतेकरांच्या दारात श्रीधरभाऊ स्वतः पेले भरून देत होते. रेशमी सदरा, कपाळाला गंध. मालक समोर आले तसे ते हसले. "वा वा! या वकीलसाहेब. अगदी आमच्या बाबांचा..."

पेला देता देता त्यांचा हात थांबला. ते मालकांच्या छातीकडे बघत होते. कोटाची बटणं काळी होती, तिसरं तेवढं तपकिरी होतं.

"हे तिसरं बटण," ते म्हणाले. "हे मी गिळलं होतं. तीन वर्षांचा असताना. म्हणून तिथे दुसरं लावलंय." मग त्यांचा आवाज चढला. "कोट कुठून आणलात?"

"इस्लामपूरचा हाय," मालक म्हणाले.

"आई! बाहेर ये जरा."

द्वारकावहिनी ओट्यावर आल्या. मागोमाग सून. श्रीधरभाऊंनी विचारलं, "बाबांचा कोट कुठाय?"

"ट्रंकेत असेल की."

"मग हा कुणाचा आहे?"

वहिनींनी कोट पाहिला. मग मला पाहिलं. त्यांनी मला ओळखलं, गाठोडं नसतानाही. त्यांचे ओठ हलायला लागले. सून त्यांच्याकडे बघत होती, मुलगा बघत होता, शेजारच्या गॅलऱ्यांतून सगळा बोळ बघत होता.

"मला काय माहीत?" वहिनी म्हणाल्या. "मागे घराला रंग दिला तेव्हा ट्रंका बाहेर होत्या. तेव्हा नेला असेल कुणी."

ढोल थांबले होते. मागची माणसं विचारत होती, काय झालं, पुढे का सरकत नाही.

"वहिनी, असं म्हणू नगा," मालक म्हणाले. त्यांचा आवाज अजून शांत होता, कारण त्यांना खात्री होती. "नजरचूक हुती माणसाची. सारखी बटणं असत्यात. हिला इचारा की. हिनं आणलाय इस्लामपुरातनं. सांग गं."

मी खाली बघितलं.

"सांग की गं, अनसे."

तेवढ्यात शेवडे सरांनी कोटाची वरची दोन बटणं सोडून कड उलटी केली. आतल्या खिशावर शिंप्याची पट्टी होती, त्यावर लाल दोऱ्यानं अक्षरं. सरांनी वाचलं, "व. म. आळतेकर, वकील, कऱ्हाड."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मला आजही नीट सांगता येत नाही. राग नव्हता. एखाद्याच्या घरात रोजच्या जागी भिंत असावी आणि हात टेकवायला जावं तर ती नसावी, तसं काहीतरी.

मी तोंड उघडलं असतं, तर काय म्हणाले असते? की वहिनी, तुम्हीच दिलात, कुकरवर. घरात अजून तो कुकर आहे, सुनेला विचारा विट्याच्या बहिणीचं. तो एवढाच पुरावा होता आणि तो पुरेसा होता. वहिनींनी ओट्याचा खांब घट्ट धरला होता. त्या माझ्याकडेच बघत होत्या. आणि वरच्या गॅलऱ्यांतून पाचपन्नास बायका बघत होत्या. त्यातल्या निम्म्यांनी मला कधी ना कधी दुपारी खुणेनं बोलावलं होतं.

मी बोलले नाही.

"काढ," श्रीधरभाऊ म्हणाले. मघाचं 'या वकीलसाहेब' गेलं होतं. "काढ तो कोट."

"श्रीधर, आत नेऊन..." शेवडे सर म्हणायला लागले.

"नाही. इथेच काढायचा. बाबांचा कोट आहे तो."

मालकांनी उरलेलं एकेक बटण सोडलं. घाई केली नाही. कोट काढला, बाह्या सरळ केल्या आणि सवयीनं घडी घालून पुढे धरला. आत बंडी होती. पाठीवर फाटलेली, खांद्याला ठिगळ. कोटाखाली कोण बघतंय, म्हणून मी सकाळी तीच दिली होती. लाल पगडी डोक्यावर तशीच राहिली होती. शेवडे सरांनी ती हळूच उचलून घेतली.

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

"अरे, हे तर जुने कपडेवाले! बाजारात बसतात."

"तरी म्हटलं, वकील एवढा काळा कसा."

"मी त्याला नमस्कार केला हो!"

"तो फोटो रोलमधून काढता येईल का?"

मला हळदकुंकू लावणारी बाई पुढे आली आणि तिनं माझा पदर चिमटीत धरला. "आणि हे लुगडं कुणाचं? आमच्या आत्याचं अगदी अस्संच होतं."

"माज्या आईचं हाय!" मी ओरडले. "माज्या आईचं लुगडं हाय, हात लावू नगा!"

सगळा बोळ ऐकेल इतक्या मोठ्यांदा ओरडले. मालकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला आवाज होता, हे त्यांनी तेव्हा ऐकलं.

यात्रा पुढे गेली. आम्हाला यात्रेच्या मंडळाच्या खोलीत नेलं. श्रीधरभाऊ म्हणाले, सणाचा दिवस आहे, पोलिसात देत नाही, पण लिहून द्या. शेवडे सरांनी कागद लिहिला आणि वाचून दाखवला. तुळशीराम गणू याने आळतेकर यांच्या घरातून कोट चोरून नेला होता, तो आज परत केला, पुन्हा असे करणार नाही.

"मी चोरी केली न्हाई," मालक म्हणाले. "अंगठा देनार न्हाई."

"मग चौकीवर चला."

"चला."

ते खरंच उठले. फाटक्या बंडीवर, धोतर सावरत, दाराकडे निघाले. चौकीवर पहिल्यांदा काय करतात ते मला माहीत होतं. माझ्या भावाला एकदा संशयावरून नेलं होतं, तो महिनाभर उताणा झोपू शकला नव्हता.

"माजा घ्या," मी म्हणाले. "बायकोचा चालतोय का?"

श्रीधरभाऊंनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, चालेल. मी शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर उमटवला. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. पण कागद मला वाचून दाखवला होता. म्हणून कळलं नाही, असं मला म्हणता येत नाही.

आम्ही घरी आलो. मालकांनी दारात पाय धुतले, आत येऊन भिंतीला टेकून बसले. मी पाणी दिलं, ते प्याले.

"कुनाचा हुता?"

"द्वारकावहिनींचा. त्यांनीच दिल्याला. कुकरवर."

"मला इस्लामपूर म्हनालीस."

"तुमी घातला नसता मग."

"नसताच घातला." पाण्याचा तांब्या खाली ठेवून म्हणाले, "बाई खोटं बोलली त्ये कळलं. घाबरली आसंल. तू का गप बसलीस?"

"पेठ बंद झाली असती. समद्या बाया बघत हुत्या वरनं. मी त्यांचं नाव घेतलं असतं, तर उद्या एकीनं तरी वर बोलावलं असतं का? खायाचं काय मग?"

"म्हंजे तिचं नाव ऱ्हायलं."

"व्हय."

"पेठ ऱ्हायली."

"व्हय."

"बरं झालं," मालक म्हणाले. त्यानंतर त्या कोटाविषयी त्यांनी माझ्याशी कधी एक शब्द काढला नाही.

पंधरा दिवस मी पेठेत गेले नाही. सोळाव्या दिवशी भांडी घेऊन निघाले. मनात म्हटलं, दारं बंदच असणार, चोराची बायको म्हणून हाकलतील. बोळाच्या तोंडाला पाय ठेवला आणि वरून हाक आली, "बोहारणी, ये गं वर." पहिल्याच घरात रेशमी शालू निघाला. दुसऱ्या घरात चांदीच्या तारेचं उपरणं. "ह्यांना कळायला नको हं," असं म्हणता म्हणता ती बाई थांबली आणि म्हणाली, "तू काय, सांगणार नाहीसच म्हणा." त्या दिवशी मला गाठोडं उचलेना. पूर्वी जिन्याखाली उभी करणाऱ्या बायका मला स्वयंपाकघरात नेऊ लागल्या. चहा देऊ लागल्या. पाडव्याच्या दिवसाचं कुणी काही बोललं नाही. पण तेव्हा सगळ्या बघत होत्या आणि सगळ्यांना सगळं कळलं होतं. दुसऱ्या बोहारणी माझ्यावर जळायच्या. पुढच्या दोन वर्षांत आमच्या घरावर नवे पत्रे चढले.

मालक बाजारात बसायचे थांबले. मार्केट यार्डात हमालीला लागले. पन्नाशी उलटलेला माणूस गुळाच्या ढेपा वाहायचा. तिथेही गोष्ट पोचली होती. "वकील, ही ढेप उचला." "वकीलसाहेब, कोट न्हाई आणला आज?" पुढे पुढे गंमत विसरली आणि नाव राहिलं. नव्या पोरांना तर त्यांचं खरं नावही माहीत नव्हतं. माझ्या गाठोड्यातला एकही कपडा मालकांनी परत अंगाला लावला नाही. वर्षाला दोन कोऱ्या बंड्या घ्यायचे, त्या फाटेपर्यंत वापरायचे. मी आणलेला शालू उलगडून दाखवला की उठून बाहेर जायचे.

अशी आठ वर्षं गेली. मालकांची छाती भरायला लागली, हमाली सुटली. दिवसभर दारात बसून असायचे.

एका दुपारी द्वारकावहिनींनी बोलावणं धाडलं. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. सून शाळेत होती. मला पलंगाजवळ बसवून म्हणाल्या, "कपाटातले पडदे काढ. घेऊन जा. आणि तुझे मालक कसे आहेत गं?"

आठ वर्षांत त्यांनी ते पहिल्यांदा विचारलं.

"बरं न्हाई. छातीचं दुखणं हाय." मग मी धीर केला. "वहिनी, आजवर कायबी मागितलं न्हाई. आता एकच मागते. श्रीधरभाऊंना खरं सांगा. मालक हाईत तवर सांगा. चारचौघांत नगं, नुसतं त्यांना सांगा. त्यांनी एकदा येऊन म्हणावं मालकांना, तू चोर न्हाईस."

वहिनींनी उशीवरून मान वर केली. मग म्हणाल्या, "अगं, श्रीधरला मी त्याच संध्याकाळी सांगितलं."

"काय?"

"सगळं. कुकरचंसुद्धा. मला राहवेना गं. घास उतरेना. जेवताना सांगून टाकलं."

"मग?"

"मग काय. रागावला. मृणाल तर दोन दिवस बोलली नाही. श्रीधर म्हणाला, आता मी त्या माणसाकडे काय तोंड घेऊन जाऊ? कागदसुद्धा झालाय. राहू दे. त्या लोकांना सवय असते." वहिनींनी माझा हात धरला. "तू बोलली नाहीस ते मी कधी विसरले नाही हं. सगळ्यांना सांगते, कपडे द्यायचे तर अनसाला द्या."

मी पडदे काढले. घड्या घातल्या. विचारू नये ते विचारलं, "कोट हाय का अजून?"

"तो? त्याला कसर लागली. दोन वर्षांपूर्वी मृणालनं दिला एका भांडीवालीला. तुला कसा देणार? बरं दिसलं नसतं."

त्यांनी दोन स्टीलचे डबे मागितले. मी दिले.

घरी येताना गाठोडं हलकं होतं, तरी मी वाटेत तीनदा बसले. मालकांना सांगायचं, असं म्हणत निघाले होते. आळतेकरांच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तुम्ही चोर नाही. आठ वर्षं त्यांना जे हवं होतं ते माझ्या हातात होतं, त्यांच्या पुढ्यात ठेवायचं एवढंच. पण ते ऐकून त्यांनी पुढचं विचारलं असतं. जे वहिनींनी त्याच संध्याकाळी स्वतःच्या तोंडानं सांगून टाकलं, ते तू सकाळी कुणासाठी झाकलंस?

मालक दारात बसले होते. मी गाठोडं उतरवलं. त्यांनी कधी विचारलं नव्हतं ते त्या दिवशी विचारलं.

"आळतेकरांकडं गेल्तीस न्हवं? काय म्हनाली वहिनी?"

"काय न्हाई," मी म्हणाले. "पडदे दिले जुने."

त्यांनी मान हलवली. पुढच्या फाल्गुनात ते गेले, पाडव्याच्या आधी चार दिवस.